हायडेलबर्गला एकटीने

वाचकहो, वर्धा जिल्ह्याच्या हिंगणघाट तालुक्यातील अल्लीपूर हे माझे गाव. मे महिन्यात आमच्याकडे सकाळी नऊलाच उन्हाच्या झळा लागू लागतात आणि पारा पंचेचाळीसच्या पुढे गेला तरी कोणाला नवल वाटत नाही. दारे लोटून घ्यावीत, कूलरसमोर बसावे आणि ऊन उतरण्याची वाट पाहावी, असे ते दिवस. गेल्या वर्षी त्याच महिन्याच्या अखेरीस मी मात्र जर्मनीतील नेकार नदीच्या जुन्या पुलावर, खांद्यावर लोकरीची शाल घेऊन, एकटी उभी होते. वय एकाहत्तर, गुडघे दुखरे, रक्तदाबाची गोळी रोजची आणि जर्मन भाषेतले शब्द अवगत होते ते जेमतेम सहा. त्या एका दिवसाची हकिगत तुम्हांला सांगावी असे वाटले, कारण तुमच्यापैकी अनेकांच्या घरी ती वेगळ्या नावागावांनी घडत असणार.

प्रारंभ थोडा मागे जाऊन करावा लागेल. पती निवर्तल्यानंतर दुसऱ्या वर्षी मी अल्लीपूरच्या घरी न्हाणीघरात पाय घसरून पडले. मनगटाचे हाड मोडले, सहा आठवडे प्लास्टर होते, पुढे ते जुळूनही आले. परंतु त्या दिवसापासून घरातील माझे स्थान बदलले. दूध आणायला शेजारचा मुलगा जाऊ लागला. बँकेत जायचे तर कोणीतरी सोबत. मुलगा रोज दोनदा परदेशातून फोन करून ‘आज बाहेर गेली नव्हतीस ना?’ असे विचारी आणि ‘नाही’ हे उत्तर ऐकून त्याला हायसे वाटे. चौतीस वर्षे शाळेत पोरांना शिकवणारी मी, हळूहळू अंगणाच्या फाटकापाशी जाऊन परत येऊ लागले. हे सारे प्रेमापोटीच होते, याविषयी मला तेव्हाही शंका नव्हती. परंतु प्रेमाने आखलेली रेघही रेघच असते, आणि तिच्या आत राहण्याची सवय शरीराला फार लवकर लागते. आधी पाय कमी चालतात, मग तोल डळमळतो, मग भीती वाढते आणि भीतीमुळे पाय आणखी कमी चालतात. हे चक्र तुमच्यापैकी कित्येकांनी अनुभवले असेल.

मुलाने मला तीन महिन्यांसाठी कार्ल्सरूहे येथे आपल्याकडे नेले. पर्यटक म्हणून जाणाऱ्यास तेथे एकशे ऐंशी दिवसांत नव्वद दिवसांपर्यंत राहता येते, तेवढाच हा मुक्काम. शहर मोठे नीटस आहे. राजवाडा मध्यभागी आणि त्यापासून पंख्याच्या काड्यांसारखे रस्ते निघालेले. पण मी त्या पंख्याची एकही काडी एकटीने चालले नव्हते. कोपऱ्यावरच्या बेकरीतसुद्धा सूनबाई बरोबर येई.

एक जुना प्रश्न

हायडेलबर्गचे नाव निघाले ते नातवामुळे. त्याच्या शाळेत विज्ञानाच्या तासाला बुन्सेन बर्नर वापरला होता आणि तो जेवताना त्याविषयी सांगत होता. मी हसले. नोकरीच्या चौतीस वर्षांत मी फळ्यावर बुन्सेन बर्नरची आकृती किती वेळा काढली असेल याची गणती नाही. खाली तळ, त्यावर नळी, हवेसाठी छिद्र, ते लहानमोठे करणारी फिरती कडी, वर निळी ज्योत. ‘सुबक आकृती काढून नावे द्या’ हा प्रश्न हमखास यायचा. प्रत्यक्षात आमच्या शाळेच्या कपाटात एक स्पिरिटचा दिवा, चार परीक्षानळ्या आणि एक तिवई होती. बर्नरला गॅस लागतो, आणि गॅस आमच्या शाळेत नव्हता. एकदा मागच्या बाकावरच्या एका मुलाने विचारले होते, ‘बाई, हा बुन्सेन कोण व्हता?’ मी म्हणाले, ‘जर्मनीतला शास्त्रज्ञ. आकृती पूर्ण कर.’ त्यापलीकडे मला काही ठाऊक नव्हते, आणि ठाऊक नाही असे सांगण्याचा धीर तेव्हा झाला नाही.

नातू म्हणाला, ‘आजी, त्याचा पुतळा हायडेलबर्गला आहे. गाडीने तासाभराच्या आत.’

मुलाला रजा नव्हती. पुढच्या शनिवारी जाऊ म्हणाला. त्या शनिवारी दुसरे काम निघाले, त्यानंतरच्या शनिवारी पाऊस. तिसऱ्या आठवड्यात मी जेवणाच्या टेबलाशी म्हणाले, ‘बुधवारी मी एकटी जाऊन येते.’

क्षणभर कोणी बोलले नाही. मग मुलगा म्हणाला, ‘आई, काही झालं तर?’

वाचकहो, हा प्रश्न आपल्यापैकी प्रत्येकाने ऐकलेला आहे. त्याला उत्तर नसते, कारण ‘काही’ म्हणजे काय हे विचारणाऱ्यालाही ठाऊक नसते. मी म्हणाले, ‘मी पडले तेव्हा घरातच होते रे.’ तो उठून स्वयंपाकघरात गेला. मागाहून सूनबाईंनी मला सांगितले की, माझ्या पडण्याची बातमी त्याला फोनवर कळली तेव्हा विमानाचे तिकीट मिळेपर्यंतचे दोन दिवस तो झोपला नव्हता. ते मला माहीत नव्हते. भीती माझीच आहे असे मी धरून चालले होते. त्याचीही होती आणि ती माझ्यापेक्षा जुनी झाली होती.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघांनी बसून करार केला. मी तीन वेळा फोन करीन: पोहोचल्यावर, दुपारी जेवताना आणि परतीच्या गाडीत बसल्यावर. माझ्या मोबाइलवरून मी कोठे आहे हे त्याला दिसत राहील, पण मधल्या वेळात तो फोन करणार नाही. दमले तर मी अर्ध्यातून परत येईन आणि त्याबद्दल कोणी काही म्हणणार नाही. शेवटचे कलम मी घातले होते, आणि त्याचा उपयोग मलाच झाला.

पिशवीत काय होते

तयारीची माहिती देते, कारण परदेशी असो वा नागपूरला, ती थोड्याफार फरकाने सारखीच असते. दिवसाच्या गोळ्या आणि वर एका दिवसाच्या जादा, मूळ वेष्टनासह. डॉक्टरांची चिठ्ठी, तीत औषधांची घटकनावे लिहिलेली, कारण व्यापारी नावे देशोदेशी बदलतात. जर्मनीत पुष्कळ औषधे तेथील डॉक्टरांच्या चिठ्ठीविना मिळत नाहीत, म्हणून घरून पुरेशी नेणे इष्ट. औषधाच्या दुकानावर मोठे लाल ‘ए’ अक्षर असते, ते मी ओळखून ठेवले. तातडीच्या मदतीसाठी ११२ आणि तातडीचे नसले तरी डॉक्टर हवा असल्यास ११६११७, हे दोन क्रमांक कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून घेतले. प्रवासाच्या विम्याचा कागदही बरोबर होता. व्हिसासाठी किमान तीस हजार युरोंचे वैद्यकीय संरक्षण असलेला विमा काढावाच लागतो. परंतु आधीपासून असलेले आजार त्यात धरले आहेत की वगळले आहेत, हे मुलांनी निघण्यापूर्वी बारकाईने वाचावे.

सूनबाईंनी जर्मनमध्ये एक कार्ड लिहून दिले. वर माझे नाव, पत्ता, मुलाचा क्रमांक. खाली दोन वाक्ये: ‘मला जर्मन येत नाही. मला कार्ल्सरूहेला परत जायचे आहे, कृपया गाडी दाखवाल का?’ मला ते कार्ड गळ्यात अडकवलेल्या लहान मुलाच्या ओळखपत्रासारखे वाटले आणि मी ते जरा रुसूनच पर्सच्या आतल्या कप्प्यात सारले.

पायांत बूट, साडीऐवजी पंजाबी पोशाख, डब्यात तिखटमिठाच्या पुऱ्या, एक केळे, पाण्याची बाटली. शिवाय सुटी नाणी. तेथे सार्वजनिक शौचालयांत बहुधा पैसे द्यावे लागतात आणि काही ठिकाणी दार नाणे टाकल्यावरच उघडते. येथे एक गोष्ट स्पष्ट लिहिते. शौचालयाची चिंता म्हणून आपल्यातील अनेक जणी प्रवासात पाणीच पीत नाहीत. मीही वर्षानुवर्षे तेच केले. उतारवयात तहान मुळातच कमी लागते. त्यात पाणी तोडले की चक्कर येते, आणि चक्कर आली की माणूस पडते. पाणी प्यावे आणि शौचालय कोठे आहे हे आधी विचारून ठेवावे. लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर प्रवासाच्या दिवशी ती केव्हा घ्यावी हे डॉक्टरांना विचारावे. आपल्या मनाने टाळू नये.

तिवईशिवायचा बुन्सेन

बुधवारी सकाळी गाडीत खिडकीशी बसले. २०२३ च्या मे महिन्यापासून जर्मनीत एक मासिक पास निघाला आहे. त्यावर देशभरातल्या स्थानिक गाड्या, ट्राम आणि बस चालतात. दूरच्या जलद गाड्यांत मात्र तो चालत नाही. मुलाने तो काढून दिला होता, त्यामुळे तिकीटयंत्राशी झटापट टळली. बाहेर हिरवी शेते, मधूनच स्ट्रॉबेरीचे मळे. आमच्याकडे या दिवसांत वावरे उन्हात तापत पडलेली, पऱ्हाटीच्या पेरणीची वाट पाहत. दोन्ही दृश्ये एकाच वेळी डोळ्यांसमोर राहिली.

स्थानकावर उतरून पहिला फोन केला. मुलगा पहिल्याच घंटीला बोलला, त्यावरून तो फोन हातात घेऊनच बसला होता हे कळले. तेथून ट्रामने बिस्मार्क चौकात गेले. त्या चौकापासून जुन्या गावाचा मुख्य रस्ता सुरू होतो. दीड किलोमीटरहून अधिक लांब आणि जवळजवळ सबंध पायी चालणाऱ्यांसाठी राखलेला. म्हाताऱ्या माणसाला याहून मोठी मेजवानी कोणती? मागून हॉर्न नाही, रस्ता ओलांडण्याची घाई नाही. सायकलींकडे तेवढे लक्ष ठेवावे. इतर रस्त्यांवर सायकलींसाठी वेगळी, पुष्कळदा लाल रंगाची पट्टी असते, तिच्यावरून आपण चालू नये.

वीस मिनिटे चालायचे आणि पाच मिनिटे बसायचे असा नेम मी ठरवला होता. पहिली वीस मिनिटे भरण्याआधीच तो दिसला. उंच चौथऱ्यावर, लांब कोट घातलेला, भारदस्त रॉबर्ट बुन्सेन. हातात बर्नर असेल असे मला उगीच वाटले होते; तसे काही नव्हते. मी समोरच्या बाकावर बसले आणि चौतीस वर्षांपूर्वीच द्यायला हवे होते ते उत्तर मनाशी जुळवू लागले. आदल्या आठवड्यात नातवाने वाचून दाखवले होतेच.

बुन्सेन १८११ साली जन्मला आणि १८५२ मध्ये हायडेलबर्गच्या विद्यापीठात आला. तरुणपणी प्रयोगशाळेतील एका स्फोटात त्याच्या एका डोळ्याची दृष्टी गेली होती. १८५५ च्या सुमारास त्याने पेटर देसागा या उपकरणे बनवणाऱ्या कारागिराकडून तो बर्नर घडवून घेतला आणि त्याचे एकस्व घेतले नाही. ज्याला हवा त्याने तो बनवावा. त्या बर्नरची ज्योत जवळजवळ रंगहीन असल्यामुळे तीत एखादा पदार्थ धरला की त्याचा स्वतःचा रंग दिसतो. स्वयंपाकघरात डाळ उतू गेली की गॅसची निळी ज्योत एकदम पिवळी होते, ती त्यातल्या मिठामुळे. हाच धागा धरून बुन्सेन आणि त्याचा मित्र किर्खोफ यांनी १८५९-६० मध्ये ज्योतीचा प्रकाश लोलकातून पाहिला आणि प्रत्येक मूलद्रव्याच्या ठरावीक रेषा ओळखल्या. त्या पद्धतीने १८६० मध्ये सीझियम आणि १८६१ मध्ये रुबिडियम ही नवी मूलद्रव्ये सापडली. सूर्यात कोणते पदार्थ आहेत हे पृथ्वीवर बसून सांगता येऊ लागले, आणि ज्या घरात किर्खोफने ते काम केले ते घर त्याच रस्त्यावर, पुतळ्याजवळच आहे. बुन्सेन वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी निवृत्त झाला आणि १८९९ मध्ये याच गावी वारला.

तो मागच्या बाकावरचा मुलगा आज पन्नाशीचा असेल. कोठे आहे मला ठाऊक नाही. बाकावर बसून मी त्याला मनातल्या मनात सगळे सांगितले. नंतर लक्षात आले की अर्धा तास होऊन गेला आणि या अर्ध्या तासात गुडघ्याची आठवण एकदाही झाली नव्हती.

पुढे विद्यापीठाचा चौक लागतो. हे विद्यापीठ १३८६ सालचे. ज्ञानेश्वर माउलींनी १२९६ मध्ये समाधी घेतली, त्यानंतर बरोबर नव्वद वर्षांनी स्थापन झालेले. मराठी माणसाने येथे आणखी एका नावाची आठवण ठेवावी. गुंथर सोन्थायमर (१९३४ ते १९९२) हे जर्मन अभ्यासक याच विद्यापीठाच्या दक्षिण आशिया संस्थेत शिकवत. महाराष्ट्रात धनगरांबरोबर हिंडून त्यांनी बिरोबा, म्हस्कोबा आणि खंडोबा या दैवतांवर ग्रंथ लिहिला, तो १९७६ मध्ये जर्मन भाषेत प्रसिद्ध झाला. पंढरीच्या वारीवरील माहितीपटातही त्यांचा सहभाग होता. आपल्या जेजुरीची वाट इतक्या दूरच्या गावातल्या कोणी माणसाने पायी तुडवली होती. मला तर केवळ एक सपाट रस्ता चालायचा होता.

किल्ला आणि औषधांची कपाटे

किल्ला टेकडीवर आहे. वर जाण्यास चढाचे आणि पायऱ्यांचे मार्ग आहेत. ते आपल्यासाठी नाहीत. कॉर्नमार्क्ट नावाच्या चौकाजवळून दोरखंडाने ओढली जाणारी रेल्वे निघते आणि काही मिनिटांत किल्ल्याच्या थांब्यावर सोडते. किल्ल्याच्या तिकिटातच तिचे भाडे धरलेले असते. डब्यातली जमीन पायऱ्यापायऱ्यांची असल्याने चढउतार करताना दांडी धरावी. वर पोहोचल्यावर अंगणात गोट्यांची फरसबंदी आहे. तेथे बुटांचे महत्त्व पटते.

किल्ला लाल वाळूच्या दगडाचा आणि बराचसा भग्न आहे. १६८९ आणि १६९३ मध्ये फ्रेंच सैन्याने तो उद्ध्वस्त केला; पुढे डागडुजी चालू असतानाच १७६४ मध्ये वीज पडून आग लागली. त्यानंतर तो पूर्ववत बांधण्याचा नाद सोडून देण्यात आला, आणि आज लोक त्याला भग्न रूपातच पाहायला येतात. तळघरात १७५१ साली बांधलेले लाकडी पिंप आहे. त्यात सुमारे दोन लाख वीस हजार लिटर द्राक्षमद्य मावे. पिंपाच्या माथ्यावर जाण्यासाठी जिना आहे. जिना पाहिला, गुडघ्याकडे पाहिले आणि खालूनच नमस्कार केला. सोडून देणे ही एकटीने फिरण्यातली पहिली विद्या आहे. बरोबर कोणी असले की आपण भिडेखातर चढतो.

किल्ल्यातच जर्मन औषधशास्त्राचे संग्रहालय आहे. १९५७ पासून ते येथे आहे. या पाक्षिकाच्या वाचकांनी ते चुकवू नये. जुन्या औषधांच्या दुकानांची आखीच्या आखी लाकडी कपाटे तेथे मांडली आहेत. चिनी मातीच्या बरण्या, तराजू, अर्क काढण्याची भांडी आणि लहानमोठे खलबत्ते. एका खलबत्त्यापुढे मी बराच वेळ उभी राहिले. सुंठ, मिरे, दालचिनी, जायफळ हे पदार्थ एके काळी युरोपात औषधवाल्याच्या दुकानात, तोलून मापून मिळत. अल्लीपूरच्या घरी फळीवरच्या डब्यात सासूबाई हेच ठेवीत आणि खोकला झाला की कुटून देत. त्यांच्या खलबत्त्याचा आवाज मला तेथे आठवला.

बाहेर सज्जावर येऊन बसले. खाली नेकार नदी, तिच्यावरचा कमानींचा पूल, तांबड्या कौलांची घरे. डबा उघडला, पुऱ्या खाल्ल्या, दुपारची गोळी घेतली आणि दुसरा फोन केला. ‘काय करतेयस?’ मुलाने विचारले. मी म्हणाले, ‘बसलेय.’ तो म्हणाला, ‘बरं वाटतंय?’ मी म्हणाले, ‘फार.’ त्यावर तो काही बोलला नाही, पण फोनही ठेवीना.

पूल आणि परत

खाली उतरून जुन्या पुलावर गेले. या जागी आधीचे पूल वारंवार गेले. १७८४ च्या बर्फाच्या लोंढ्यात एक वाहून गेला, तेव्हा सध्याचा दगडी पूल १७८८ मध्ये पुरा झाला. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, मार्च १९४५ मध्ये माघार घेणाऱ्या जर्मन सैन्यानेच त्याच्या कमानी उडवल्या. दोन वर्षांत, १९४७ पर्यंत, तो पुन्हा उभा राहिला. मी कठड्याला टेकून पाणी पाहत होते. तीन वर्षांत प्रथमच, मी कोठे आहे आणि पुढे काय करायचे हे केवळ मी ठरवत होते. पतींना ही जागा आवडली असती, असे मनात आले. रडूही आले थोडे. आजूबाजूला कोणी ओळखीचे नव्हते, म्हणून ते लपवावेही लागले नाही.

नदीपलीकडच्या डोंगरउतारावर ‘तत्त्वज्ञांची वाट’ म्हणून प्रसिद्ध पायवाट आहे. तिच्याकडे जाणारा चढ मोठा आहे. तीन वाजले होते आणि पाय जड झाले होते. कराराचे शेवटचे कलम आठवले आणि मी परत फिरले.

स्थानकावर वेळेत पोहोचले. फलकावर माझी गाडी पाचव्या फलाटावर लिहिलेली होती. तेथे जाऊन बसले. थोड्या वेळाने ध्वनिक्षेपकावर काही घोषणा झाली, माझ्या भोवतीची माणसे उठून जिन्याकडे चालू लागली आणि मी मात्र बसून राहिले, कारण घोषणेतला एकही शब्द मला कळला नव्हता. गाडीची वेळ झाली, गाडी आली नाही. मोबाइल पाहिला तर त्याची बॅटरी संपत आलेली. छातीत धडधडू लागले, तळहात ओले झाले आणि ‘काही झालं तर?’ हे शब्द मुलाच्या आवाजात ऐकू आले.

वाचकहो, त्या क्षणी मी जे केले तेच तुम्ही करावे असे सांगते. मी उठले नाही. घाबरून जिन्याकडे धावले असते तर कदाचित खरोखर पडले असते. बाकावर टेकून दहा संथ श्वास घेतले, दोन घोट पाणी प्यायले, केळे खाल्ले. धडधड ओसरली. विश्रांतीनंतरही ती ओसरली नसती, किंवा छातीत दुखले असते, दम लागला असता, तर मी शेजारच्या माणसाला कागदावरचा ११२ हा क्रमांक दाखवणार होते. मग पर्सच्या आतल्या कप्प्यातून ते कार्ड काढले, ज्याच्यावर मी सकाळी रुसले होते. पाठीवर सॅक घेतलेल्या एका तरुणीला ते दाखवले. तिने वाचले, हसली, माझ्याबरोबर उद्वाहकाने खाली आली आणि दुसऱ्या फलाटापर्यंत पोहोचवून गेली. पुढची गाडी वीस मिनिटांत होती. गाडीत बसल्यावर उरलेल्या बॅटरीत तिसरा फोन केला: ‘उशीर झाला, पण बसले.’

कार्ल्सरूहेच्या फलाटावर मुलगा उभा होता. तो धावत आला नाही, चालत आला. ‘आई, फलाट बदलला होता ना?’ त्याला मोबाइलवर सगळे दिसत होते. मी एका जागी अर्धा तास थांबले आहे हेही दिसत होते. आणि त्याने फोन केला नव्हता. माझ्या सबंध दिवसापेक्षा त्याचा तो अर्धा तास अधिक कठीण गेला असेल, हे मला त्याच्या चेहऱ्यावरून कळले.

सांभाळणाऱ्यांसाठी, आणि आपल्यासाठी

घरातल्या वडीलधाऱ्यांची काळजी घेणाऱ्या मुलासुनांना, लेकीजावयांना एवढेच सांगायचे आहे. तुमची भीती खोटी नाही. ज्यांना स्मृतिभ्रंश आहे, वारंवार चक्कर येते, नुकतीच शस्त्रक्रिया झाली आहे, त्यांना एकटे पाठवू नये. तेथे डॉक्टरांचा सल्ला अंतिम मानावा. परंतु जे हिंडूफिरू शकतात त्यांच्यासाठी ‘जाऊ नकोस’ याऐवजी ‘कसे जाशील ते ठरवू’ असे म्हणून पाहा. कार्ड लिहून द्या, औषधे मोजून द्या, मोबाइल पूर्ण चार्ज करून द्या आणि त्यानंतर फोन करण्याचा मोह आवरा. आणि आपण वडीलधाऱ्यांनी मदत मागण्यात कमीपणा मानू नये. ते कार्ड नसते तर माझा दिवस बिघडला असता.

यासाठी जर्मनीला जावे लागत नाही. अल्लीपूरला परतल्यावर पहिल्याच महिन्यात मी एस.टी.ने एकटी सेवाग्रामला जाऊन आले. शेजारीण दारातून म्हणाली, ‘बाई, एकट्याच चालल्या का?’ मी हो म्हणाले. १९३६ मध्ये गांधीजी येथे राहायला आले; आश्रमातील बापू कुटीच्या मातीच्या ओट्यावर बसले तेव्हा नेमाची पाच मिनिटे केव्हा संपली ते कळले नाही. पुढच्या खेपेस धाम नदीकाठी पवनारला विनोबांच्या आश्रमात गेले. आता वर्ध्याच्या मगन संग्रहालयात जायचे आहे. १९३८ सालचे ते संग्रहालय, जन्मभर जिल्ह्यात राहून मी एकदाही पाहिलेले नाही. मुलाला तसे कळवले. कार्ड आता मराठीतले आहे, पर्सच्या त्याच कप्प्यात.

तो म्हणाला, ‘तीन फोन ना?’

मी म्हणाले, ‘वर्ध्याला दोन पुरेत.’